गाईला नट नसतात

पाना घ्यायचा नाही, हे दोतोरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं.

मी तेव्हा नुकताच सावंतवाडीहून येऊन पेडणे तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात लागलो होतो. गोवा मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्या उघडत होत्या, त्यांत बसायला माणसं कमी पडत होती, आणि म्हणून माझ्यासारख्या मॅट्रिक होऊन घरी माश्या मारणाऱ्यालाही नोकरी मिळाली. काम एवढंच, की औषधाच्या बाटल्या लावून ठेवायच्या, गुरांच्या जखमा धुवायच्या आणि फिरतीला दोतोरांबरोबर जायचं. फिरतीसाठी दोघांना दोन सायकली होत्या.

दोतोर काही खरे डॉक्टर नव्हते. खरे डॉक्टर आठवड्यातून एकदा पणजीहून येत, सह्या करत आणि परतीची बस चुकू नये म्हणून सारखे घड्याळ बघत. उरलेले दिवस तालुक्यातली सगळी गुरं या एका मदतनिसाच्या हवाली. पोर्तुगेजांच्या अमदानीपासून ते याच कामात होते. लोक त्यांना 'गोरवांचो दोतोर' म्हणत, म्हणजे गुरांचा डॉक्टर. पुढे पुढे नुसतंच दोतोर. मला ते 'वाडकरा' म्हणत, कारण मी वाडीहून आलो होतो, आणि माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही.

उंचीने ते बेताचे आणि सायकल मात्र चांगली उंच. सपाट जमिनीवरून टांग टाकणं त्यांना जमत नसे, चढायला दगड लागे. त्यामुळे तालुक्यातल्या कुठल्या रस्त्यावर कुठे धोंडा आहे, कुठे पायरी आहे, कुणाच्या तुळशीचा ओटा चालतो आणि कुठली घरधनीण त्यावरून आरडाओरडा करते, हे त्यांना तोंडपाठ होतं. वाटेत कुणी हाक मारली तर ते थांबत नसत. "फुडल्या धोंड्यार ये!" असं ओरडून पुढे जात, आणि बिचारा गाईवाला पुढच्या धोंड्यापर्यंत मागून धावत येई.

रोज सकाळी दवाखान्याच्या पडवीत गोणपाट अंथरलं जाई. त्यावर एका बाजूला गुरांची हत्यारं, दुसऱ्या बाजूला सायकलची. मधे दोतोर मांडी घालून बसलेले, आणि मांडीवर त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेली ताडपत्रीची पिशवी. सायकलच्या दांड्याला टांगायची ही पिशवी त्यांनी मुद्दाम लहान शिवली होती. मोठी शिवली की माणूस काहीही भरतो, असं त्यांचं म्हणणं.

"आमच्या तालुक्यात चढ किती ते बघ," त्यांनी मला समजावलं. "पिशवी जड जाली, तर मी पोचच्या आदीं गाय एक तर बरी जाता, ना तर मरता. मग माजो उपेग काय?"

म्हणून त्यांचा नियम असा, की जी वस्तू गाईलाही लागते आणि सायकललाही लागते, तीच पिशवीत जाणार. एकीलाच लागणारी वस्तू घरी राहणार. पक्कड पास झाली होती, कारण तिने टायरमधला काटाही निघतो आणि खुरातला खिळाही. टायर उचकटायची लोखंडी पट्टी पास, कारण औषध पाजताना बैलाचं तोंड उघडं ठेवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. पंप कसा पास झाला, हे मला कळेना. मी विचारलं.

गाईचं पोट फुगलं की तिच्या तोंडात आडवी काठी बांधतात. ती काठी चघळत राहते, ढेकर देते आणि पोटातला वारा सुटतो. दोतोर काठीऐवजी पंप बांधत. त्यांच्या पंपावर तालुक्यातल्या निम्म्या गाईंच्या दातांच्या खुणा होत्या.

"एकीची हवा भरूची, एकीची काडूची," ते म्हणाले. "धंदो एकच."

छातीला लावायची नळी ते चाकाच्या मधोमध टेकवत, चाक फिरवत आणि डोळे मिटून ऐकत. "छऱ्यांक खोकलो जालो," असं म्हणून तेलाचे दोन थेंब सोडत, आणि खोकला खरोखर जाई. थर्मामीटरचं मात्र मला शेवटपर्यंत पटलं नाही. दुपारच्या उन्हात ते तो टायरला लावून धरत आणि गंभीरपणे म्हणत, "ताप आसा. सावळेंत लाव." मग आम्ही सायकली सावलीत लावून टायरचा ताप उतरेपर्यंत बसत असू. हा ताप नेमका जेवणानंतर येई आणि तो उतरेपर्यंत दोतोरांची एक झोप होई.

तर त्या पहिल्या सकाळी मी गोणपाटावरचा पाना उचलून पुढे केला. सायकलवर पाना हवाच, हे शाळकरी पोरही सांगेल.

दोतोरांनी पाना हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"गायीक नट आसतत?"

"नाही."

"बैलाक?"

"नाही."

"म्हशीक?"

"दोतोर, पण सायकलला असतात ना! आणि सायकलचे आधी नटच ढिले होतात."

"तें खरां," असं म्हणून त्यांनी पाना परत गोणपाटावर ठेवला. माझं म्हणणं त्यांना पूर्णपणे पटलेलं होतं. नियम नियमाच्या जागी होता.

मी तो पाना माझ्या खिशात टाकला. त्यावर त्यांचा आक्षेप नव्हता. "तुज्या खिशात काय आसा तें मी बघूंक ना," एवढंच म्हणाले. पण माझ्या खिशातला पाना त्यांनी कधी मागितलाही नाही. त्यांचं हँडल कायम ढिलं. चाक धारगळकडे निघालेलं असे आणि हँडल मांद्र्याकडे. ते अंग तिरकं करून, खेकड्यासारखे, मजेत सायकल चालवत. एकदा केरीहून येताना त्यांचं एक पायडल गळून पडलं. मी खिशात हात घातला तर ते म्हणाले, "नाका, नाका," आणि पायडल हातात धरून एका पायाने दवाखान्यापर्यंत आले. पायडल पिशवीत टाका म्हटलं, तर तेही नाही. गाईला पायडल कुठे असतं?

हा माणूस वेडा आहे असं माझं मत होत आलं होतं, पण मधेच तो असं काही करी की मत पुढे ढकलावं लागे. एका गावात लस टोचायची होती आणि कुणी गुरं आणायला तयार नव्हतं. सुईने दूध आटतं, असं कुणीतरी उठवलं होतं. त्याच सकाळी दोतोरांचं मागचं टायर फाटलं आणि ट्यूब कामातून गेली. त्यांनी शांतपणे शेजारच्या उडवीतलं गवत ओढलं, टायरमध्ये ठासून भरलं आणि दगडावरून सायकलवर बसले. फाटक्या टायरमधून गवताच्या काड्या बाहेर डोकावत होत्या. पहिल्याच वळणावर एक वासरू मागे लागलं. वासरामागे त्याची आई, आईमागे आणखी चारदोन. देवळापाशी पोचलो तेव्हा मागे गुरांची मिरवणूक आणि तिच्यामागे काठ्या घेऊन गुरांचे मालक. दोतोर उतरले, सायकल भिंतीला टेकवली आणि मला म्हणाले, "सुयो काड." गुरं टायर खात होती तोवर सगळ्यांना टोचून झालं.

आता धारगळची गोष्ट.

धारगळला हमरस्त्याच्या कडेला शेवंतीवयनीचं घर. नवरा डिचोलीकडे खाणीच्या ट्रकवर कामाला, आठवड्याने एकदा घरी येणारा. घर, शेत, गोठा सगळं तीच बघे. तिच्या जोडीतल्या एका तांबड्या बैलाचं शिंग झुंजीत तडकलं. दोतोरांनी ते स्वच्छ केलं, औषध लावलं, आणि मग जरा विचार करून पिशवीतून सायकलच्या पंक्चरचं सामान काढलं. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापली, सोल्युशन फासलं आणि शिंगाला गच्च गुंडाळून चिकटवली. सोल्युशन गाईगुरांच्या काय कामाचं, असं मी त्यांना मागे एकदा विचारलं होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ.

पट्टी इतकी पक्की बसली की निघेचना. शेवंतीवयनीला ते मुळीच आवडलं नाही. देखणा बैल, आणि कपाळावर काळं रबर! शेजारीपाजारी त्याला 'पंक्चर' म्हणू लागले, आणि होता होता तीही म्हणू लागली.

वायंगण शेतीची, म्हणजे हिवाळी भाताची, नांगरणी तोंडावर आली होती. तिची गाय दुधाला त्रास देते म्हणून तिने आम्हांला बोलावलं. आम्ही गेलो तेव्हा पंक्चर अंगणात मोकळा उभा होता. दोतोरांनी सायकल गोठ्याच्या खांबाला टेकवली. तिच्या कॅरियरवर, मागच्या चापाखाली, काकणांची माळ अडकवलेली होती. काकणं म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव, दोतोरांचं दुपारचं खाणं. सकाळी पदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, घेत आणि दिवसभर चावत.

आम्ही गोठ्यात गाईपाशी वाकलेले. बाहेरून शेवंतीवयनीची किंकाळी आली.

"दोतोर! पंक्चर! पंक्चर!"

"जावंदी," दोतोर गाईच्या कासेवरून मान वर न करता म्हणाले. "पंप आसा."

"अवो, सायकल घेवन धांवलो तो!"

आम्ही बाहेर आलो. काकणांच्या वासाने पंक्चरने कॅरियरमध्ये तोंड खुपसलं होतं, मान झटकली होती, आणि पट्टीचं शिंग नेमकं चापाखाली गेलं होतं. चाप घट्ट, त्यात शिंगावर रबर. शिंग पुढे गेलं, मागे येईना. बैलाने डोकं वर केलं तशी अख्खी सायकल त्याच्या कपाळावर उचलली गेली आणि हँडलवरची घंटी वाजली, ट्रिंग.

तिथेच सगळं बिघडलं. घंटी वाजली म्हणून बैल दचकला, दचकला म्हणून धावला, धावला म्हणून घंटी आणखी वाजली. कुंपणाची चिवाटी मोडून तो शेतात उतरला. त्याच्या कपाळावर सायकल, सायकलला दोतोरांची पिशवी, पिशवीत आमची सगळी हत्यारं. आणि तो सरळ हमरस्त्याच्या दिशेने निघाला होता. रस्त्यावर मुंबईकडचे ट्रक भरधाव चाललेले.

"गेलो गो माजो बैल!" शेवंतीवयनी कपाळ बडवत मागे धावली. मी तिच्यामागे.

दोतोर मात्र आमच्याबरोबर नव्हते. ते बांधावरून आडवे धावत होते. एवढीशी चण, अर्धी चड्डी, डोक्यावरची टोपी कधीच उडालेली. ते इतक्या जोरात धावू शकतात, हे मला ठाऊक नव्हतं. रस्ता दहावीस पावलांवर आला तेव्हा त्यांनी बैलाला गाठलं. वेसण धरायला हात वर केला, तो पोचला नाही. आजूबाजूला धोंडाही नव्हता. मग त्यांनी उडी मारून हँडलच धरलं, आणि दुसरा हात घंटीवर दाबला, रडणाऱ्या पोराच्या तोंडावर आई हात ठेवते तसा.

घंटी बंद झाली. बैल दोन पावलं चालला आणि थांबला. समोरून ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

त्याच्या मागच्या ट्रकवाल्याने गाडी थांबवली. एक बैल, बैलाच्या डोक्यावर सायकल आणि सायकलला लोंबकळणारा माणूस बघून त्याने मान बाहेर काढली. "काय झालं हो?"

"काय ना," दोतोर लोंबकळतच म्हणाले. "दुरुस्ती चालू आसा."

मी धापा टाकत पोचलो. बैलाच्या नाकपुड्या फुललेल्या, डोळे पांढरे. दोतोर घंटी सोडू शकत नव्हते. शिंग कॅरियरमधून सुटत नव्हतं, पण कॅरियर सायकलपासून सुटला असता. दोनच तर नट होते. मी खिशातून पाना काढला.

"थांब," दोतोर म्हणाले.

"दोतोर, बैल हलतोय!"

"तें माका कळता. पूण आदीं सांग, नट कोणाचो? सायकलीचो काय बैलाचो?"

त्यांचा चेहरा घामाने डबडबला होता, आणि तरी ते खरंच विचारत होते. तेवढ्यात शेवंतीवयनी येऊन पोचली. तिने ते ऐकलं आणि तिचा पारा चढला.

"माज्या बैलाच्या कपाळार आसा मरे तो? मग तो माज्या बैलाचो! सोड तो आदीं!"

दोतोरांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी विसरलेलो नाही.

"आयकलंस, वाडकरा? बैलाचो नट. सोड."

मी एक नट सोडवला, मग दुसरा. सायकल दोतोरांसकट खाली आली. त्यांनी पडल्यापडल्या घंटीवरचा हात तसाच ठेवला होता. मग उठून पिशवीतून टायर उचकटायची लोखंडी पट्टी आणि तेल घेतलं, चाप उचकटला, आणि कॅरियर शिंगावरून हळूच सरकवत काढला. त्याच्याबरोबर रबराची पट्टीही सोलून निघाली.

दोतोरांनी ती रबराची पट्टी उचलून बोटांत ताणून पाहिली. त्यांना कळलं होतं. पट्टी नसती तर शिंग अडकलंच नसतं. ते मटकन बांधावर बसले.

"वयनी, हें माज्यान जालां," ते म्हणाले. "आज बैल गेलो आसतो, तो माज्यापायीं."

शेवंतीवयनी कंबरेवर हात ठेवून उभी होती. इतक्या दिवसांचं रबराबद्दलचं सगळं बोलणं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. पण तिने बैलाच्या शिंगावरून हात फिरवला आणि ती थांबली. तडा कुठे होता ते बोटाला लागत नव्हतं. शिंग सांधून गेलं होतं.

"चला, चाय घेया," एवढंच ती म्हणाली. मग जरा पुढे जाऊन वळली. "पूण परत चिकटवशात तर बघा!"

चहा झाला, काकणं उरली होती ती पंक्चरला दिली. निघताना एक गंमत झाली. बैलाच्या त्या हिसक्यांत दोतोरांच्या सायकलचं हँडल सरळ झालं होतं. अगदी ओळंब्यात. मी धावत जाऊन नट आवळून टाकला. दोतोर शेवंतीवयनीच्या पायरीवरून सायकलवर चढले, सवयीप्रमाणे अंग तिरकं केलं, आणि सरळ जाऊन शेणाच्या खड्ड्यात पडले.

दुसऱ्या सकाळी पडवीत गोणपाट अंथरलं गेलं. दोतोरांनी माझ्यापुढे हात केला. मी पाना दिला. त्यांनी तो धुतला, पुसला आणि पिशवीत घातला. पिशवी तर लहान, मग काहीतरी बाहेर काढणं आलं. बराच वेळ विचार करून त्यांनी थर्मामीटर काढला. "ताप हातान कळता," म्हणाले. त्या दिवसापासून दुपारी टायरला हात लावून ताप बघू लागले, आणि हाताला तो रोजच लागू लागला.

पुढे माझी बदली डिचोली तालुक्यात झाली. साखळीला बिऱ्हाड केलं, लग्न झालं, स्कूटर घेतली. दोतोर निवृत्त होऊन केरीला आपल्या घरी राहायला गेले. पेडण्यातली केरी, तेरेखोलच्या तोंडाजवळची. सत्तरी तालुक्यातली नव्हे. एका रविवारी मी त्यांना भेटायला गेलो.

माडांत लहानसं घर. दोतोर सोप्यावर बसले होते. आणखीच बुटके झालेले, पण ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. "वाडकरा!" म्हणून उठले आणि माझ्याकडे न येता स्कूटरकडे गेले. तिच्याभोवती एक फेरी मारली.

"वाटेर मोडली तर?"

"मोडत नाही, दोतोर. नवी आहे."

"हत्यारां खंय?"

"असतात हिच्याबरोबर. पण खडखड वाजतात म्हणून घरी ठेवली आहेत."

दोतोरांनी डिकी उघडून पाहिली. आत माझा रेनकोट, बायकोचा कंगवा आणि एक रिकामी बाटली. त्यांनी डिकी लावली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होतो. जनावर वाचणार नसलं की दोतोर मालकाला काही सांगत नसत. ते गोठ्यातून बाहेर येत, हात धूत आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन घरातल्या बाईला हळूच दोन शब्द सांगत. तेवढ्यावरून तिला सगळं कळे.

आता ते तसेच हात धुऊन आपल्या स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"आयकलंस गो," त्यांनी हळू आवाजात बायकोला सांगितलं. "ह्याका आवडता तें खावंक घाल."

त्या माउलीने खरंच घातलं. सुंगटाचं हुमण म्हणजे कोलंबीची आमटी, तळलेली मासळी, वर सोलकढी, आणि 'आनी घे, आनी घे' म्हणत वाढतच राहिली. निघालो तेव्हा दोतोर फाटकापर्यंत आले. पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले.

केरी ते साखळी मी एकदाही न थांबता आलो. काहीच बिघडलं नाही. घरासमोर स्कूटर लावली, आणि इतकं जेवून असा धडधाकट पोचलो याची मला थोडी लाज वाटली.